बाहेर उघडलेला फोन

जालना एमआयडीसीत रोलिंग मिलची मोटर जळली की ती वाइंडिंगवाल्याकडे जाते, नवी तार भरून परत येते आणि पुन्हा रोल फिरवू लागते. तार कुणी भरली, हे मोटर विचारत नाही. फोन मात्र विचारतो. अनेक फोनमध्ये डिस्प्ले बदलला की फिंगरप्रिंट (‘फिंगर’) चालत नाही, बॅटरी बदलली की ‘अनोळखी भाग’ अशी पाटी झळकते आणि काउंटरवर एकच उत्तर मिळतं: ‘फोन बाहेर उघडलाय.’ या उत्तराचा राग येतो, कारण त्यात बिघाड आणि कंपनीने घातलेलं कुलूप यांची सोयीस्कर सरमिसळ केलेली असते.

२०१६ सालचं उदाहरण घ्या. आयफोन ६चं होम बटण बाहेर बदललेल्यांनी नवी आयओएस टाकली आणि ‘एरर ५३’ दाखवून फोनचे दगड झाले. ही सुरक्षेची तपासणी आहे, असं अ‍ॅपलने आधी सांगितलं. ओरड झाल्यावर फेब्रुवारीतच सुधारित आयओएस ९.२.१ आली, आयट्यून्सला जोडून रिस्टोअर केल्यावर तेच फोन त्याच बाहेरच्या बटणांसह सुरू झाले, फक्त बटणातला फिंगरप्रिंट सेन्सर, टच आयडी, बंद राहिला. म्हणजे बिघाड नव्हताच. याच प्रकरणात, बाहेर दुरुस्ती केल्याने ग्राहकाचा हक्क संपतो, असं सांगितल्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने २०१८मध्ये अ‍ॅपलला ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

प्रत्येक एरर हे कुलूप नसतं, हे मान्य. एमोलेडच्या जागी स्वस्त एलसीडी कॉम्बो (डिस्प्ले आणि टच एकत्र) बसवला, तर काचेखालचा ऑप्टिकल फिंगर सेन्सर चालणारच नाही. रिसेट करून, फ्लॅश मारून उपयोग नाही, योग्य कॉम्बोच टाकावा लागतो. आयफोन दर तीन मिनिटांनी रिस्टार्ट होत असेल, तर बहुधा चार्जिंगच्या पट्टीवरचा किंवा दुसरा एखादा सेन्सर फोनला सापडत नाही. ती पट्टी नीट बसवावी नाहीतर चांगली टाकावी. ही चूक कारागिराची, आणि ती त्याच्याच टेबलावर सुटते. पण योग्य कॉम्बो बसवूनही फिंगर चालत नसेल, तर अनेक फोनना कॅलिब्रेशन लागतं आणि त्याचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा कंपनीने स्वतःच्या केंद्रापुरतं ठेवलेलं असतं. तिथे कारागीर दोषी कसा?

सेन्सर बदलून कुणी बँकेचं अ‍ॅप उघडलं तर, हा आक्षेप वजनदार आहे. त्याचं उत्तर एरर ५३नेच दिलं: सेन्सर बंद ठेवा, फोन नको. नकली बॅटरी फुगते, हेही खरं. म्हणून इशारा जरूर द्यावा, अडवणूक करू नये. ‘अधिकृत केंद्रातच जा’ हा सल्ला तर शिफ्टमधल्या कामगाराला परवडत नाही. ओटीपी, यूपीआय, ठेकेदाराचा फोन, सगळं त्या एकाच यंत्रात असतं. ते चार दिवस सोडून राहायचं कसं?

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, मे २०२५मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा (वस्तू दुरुस्त करणं किती सोपं, याच्या गुणांचा) अहवालही आला. सुटे भाग मिळाले, पण कॅलिब्रेशन कुलपातच राहिलं, तर त्या निर्देशांकाचे गुण कागदावरच राहतील. तोवर ग्राहकाने एवढं करावं: कॉम्बो ओरिजिनल की कॉपी हे बिलावर लिहून घ्यावं, जुना भाग मागून घ्यावा आणि फिंगर, कॉल, चार्जिंग दुकानातच तपासून मग पैसे द्यावेत.