‘एवढ्याशाने काय होतंय?’

सिलिॲक आजार असलेल्या मुलाच्या आई-वडिलांना गव्हाइतकाच त्रास या प्रश्नाचा होतो. सत्यनारायणाचा शिरा पुढे येतो, प्रसादाला नाही म्हणायचे नसते आणि चमचाभर रव्याने काय बिघडणार, असे मोठ्यांना मनापासून वाटते. पण बिघडते. गहू आणि जवातल्या ग्लुटेनमुळे या मुलांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. पथ्यावर असलेल्या प्रौढ रुग्णांना रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिले, तेवढ्यानेही अस्तराला इजा झाल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मध्यम पोळीत साधारण दोन ग्रॅम ग्लुटेन धरले, तर हा झाला तिचा चाळिसावा तुकडा! पोट दुखले नाही म्हणजे निभावले, असेही नाही. काही मुलांत खुंटलेली उंची आणि लोहाच्या गोळ्यांना न जुमानणारा ॲनिमिया एवढेच दिसते. पथ्य हाच यावर उपचार आहे आणि तो जन्मभराचा आहे.

यावर कुणी म्हणेल, भात, ज्वारी, बाजरी, नाचणी खाणाऱ्या महाराष्ट्रात हे अवघड का असावे? अर्धे खरे आहे. भाकरीत ग्लुटेन नसते. भगर, साबुदाणा, राजगिऱ्यामुळे एकादशी हा या मुलाचा त्यातल्या त्यात सोयीचा दिवस. पण ज्वारी दळायची त्याच गिरणीत, जिथे आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो. वरणाच्या फोडणीतल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा मैदा मिसळलेला असतो. पुऱ्या तळलेल्या तेलातच साबुदाणावडा पडतो. भारतात ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पण ती पाकिटावरच्या दाव्याला. गिरणीतून आणलेल्या पिठाच्या डब्यावर कसलेच लेबल नसते. म्हणजे धान्य आपलेच असले, तरी दक्षता घराबाहेरच्यांनीही घ्यावी लागते. ती एकट्या आईवर टाकून आपण तिलाच ‘फार बाऊ करते’ म्हणतो, हे अन्यायाचे आहे.

एका मुलासाठी साऱ्या वर्गाने नियम का पाळावेत, हा आक्षेप उरतो. साऱ्या वर्गाने गहू सोडावा, असे कुणी मागतच नाही. इटलीने २००५ च्या कायद्याने शाळांच्या भोजनगृहांत अशा मुलांसाठी ग्लुटेनमुक्त जेवण द्यायला लावले. बाकीची मुले पास्ता खातातच. आपल्याकडे एवढ्यासाठी कायद्याची वाट पाहायलाही नको. प्रवेशअर्जात पथ्याचा रकाना ठेवावा, वाढदिवसाच्या केकची सूचना घरी आदल्या दिवशी द्यावी, डब्यांची अदलाबदल होऊ नये याकडे बाईंनी लक्ष ठेवावे. आणि वाढ खुंटलेल्या मुलाचा गहू पालकांनी परस्पर बंद करू नये. आधी डॉक्टरांकडून रक्ताची तपासणी करून घ्यावी, कारण गहू सोडल्यानंतर ती फसवी ठरू शकते.