वसतिगृहातील संगणक : जोडणी आणि राखण

नव्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील वसतिगृहांच्या दारात जे सामान उतरते, ते गेल्या साठ-सत्तर वर्षांत फारसे बदललेले नाही. गादीची वळकटी, बादली, चादरी, पुस्तकांची पिशवी आणि आईने बरोबर दिलेला चिवड्या-लाडवांचा डबा. यात आता एकाच वस्तूची भर पडली आहे आणि ती बाकीच्या साऱ्या सामानाहून महाग आहे. माण-खटावच्या किंवा जत-आटपाडीच्या शेतकरी कुटुंबाने हा लॅपटॉप एक तर हप्त्याने घेतलेला असतो, नाहीतर थोरल्याचा धाकट्याकडे आलेला असतो. मुलाला पोचवायला आलेले वडील रेक्टरांना विचारतात : मेसचा दर काय, पाणी किती वेळ येते, रात्री फाटक कधी लागते? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तयार असतात. पण हा संगणक खोलीत इंटरनेटला कशाने जोडायचा आणि जोडल्यावर त्याची राखण कोणी करायची, असे कोणी विचारलेच, तर पुष्कळ ठिकाणी उत्तर मिळते की, ते मुलाने आपल्या मोबाइलवर पाहून घ्यावे.

हे उत्तर आम्हांस मान्य नाही. आमच्या या दोन जिल्ह्यांत तर ते विशेषच अशोभनीय आहे; कारण येथे वसतिगृह म्हणजे निव्वळ निजण्याची जागा कधीच नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही हकिकत या भागात घरोघरी ठाऊक आहे. खेड्यातल्या मुलाला शाळेत नाव घालण्याची नुसती मुभा असून भागत नाही; शाळेच्या गावी निवारा, भाकरी आणि रात्री वाचायला दिवा मिळाला तरच त्या मुभेला अर्थ येतो, हे भाऊरावांनी ओळखले होते. सांगलीत १९१९ साली विलिंग्डन महाविद्यालय निघाले, १९४७ साली आजचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, १९६० साली कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले. दूरच्या गावांतली मुले या संस्थांपर्यंत पोचू शकली ती वसतिगृहांच्या आणि खोल्यांच्या आधारानेच. आज त्या जुन्या दिव्याच्या जागी इंटरनेटची जोडणी आली आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज ‘महाडीबीटी’वर भरावयाचा, परीक्षेचा अर्ज संगणकावर, निकाल संगणकावर; २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’वरील व्याख्यानेही तेथेच ऐकावयाची. घरी बसून शिकणाऱ्या शहरी मुलाच्या भिंतीवर ब्रॉडबँडची पेटी असते; वसतिगृहातल्या मुलाच्या वाट्याला खिडकीच्या गजाजवळ ठेवलेला मोबाइल येतो. मुलींची अडचण तर आणखी मोठी. मुलगा रात्री नऊला उठून मित्राच्या खोलीवर किंवा बाजारपेठेतल्या दुकानात जाऊ शकतो. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक त्यापूर्वीच लागलेले असते.

कोणी म्हणतील, मोबाइलचे इंटरनेट आता स्वस्त झाले आहे, मग तक्रार कशाची? स्वस्त झाले आहे, हे खरे. परंतु विद्यार्थी जो रिचार्ज करतो, त्यात बहुधा दिवसाला दीड किंवा दोन जीबीची मर्यादा असते आणि ती संपली की वेग इतका उतरतो की, साधे पान उघडायला मिनिटे लागतात. संगणकाच्या एका मोठ्या अपडेटलाच काही जीबी लागतात. दिवसाचा शिधाच जर एवढा, तर मुलगा काय करणार? तो अपडेट बंद करून ठेवतो. विंडोजमध्ये जोडणी ‘मीटर्ड’ आहे असे सांगण्याची सोय आहे. एकदा ते सांगितले की संगणक पुष्कळशी अपडेट आपण होऊन उतरवून घेत नाही. मुलाने दोन जीबी वाचविले, पण ज्या दुरुस्त्यांनी संगणकाची भगदाडे बुजावयाची, त्याच त्याने दाराबाहेर उभ्या ठेविल्या. जोडणीचे दारिद्र्य आणि संरक्षणाचे दारिद्र्य हे एकच दुखणे आहे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. वसतिगृहांचे चालक मात्र त्यांची दोन वेगळी खाती समजतात. जोडणी ही चैन आणि संरक्षण ही ज्याची त्याची खासगी बाब!

यातच जुन्या यंत्रांचा प्रश्न येऊन मिळाला आहे. विंडोज १० या प्रणालीला मिळणारी नियमित मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. व्यक्तिगत वापरासाठी आणखी एका वर्षाची वाढीव सोय तेव्हा जाहीर झाली. परंतु ती आपण होऊन मिळत नाही, तिच्यासाठी नाव नोंदवावे लागते आणि पहिल्या वर्षाच्या कितीशा मुलांना हे कोणी सांगितले असेल? पुढच्या विंडोज ११ ला लागणारी यंत्रसामग्री २०१७ च्या आधीच्या बहुतेक लॅपटॉपांत नाही. म्हणजे थोरल्या भावाकडून आलेला लॅपटॉप चालतो उत्तम, पण तो राखणदाराविना चालतो. वरकड म्हणजे दुकानदाराने त्यावर चोरीची प्रणाली घालून दिलेली असते आणि अभियांत्रिकीचे आरेखनाचे सॉफ्टवेअर वरच्या वर्गातल्या मुलाच्या पेनड्राइव्हवरून ‘क्रॅक’सह आलेले असते. या क्रॅकबरोबर आणखी काय काय घरात शिरते, ते मुलाला कळत नाही. वास्तविक ऑटोकॅडसारखे सॉफ्टवेअर विद्यार्थ्याला शिक्षणासाठी विनामूल्य मिळते. लिनक्स आणि लिबर-ऑफिस तर कोणालाही फुकट मिळतात व जुन्या यंत्रावरही नीट चालतात. येथे पैशाची अडचण नाही, सांगणाऱ्याची आहे.

व्हायरसशी सामना करण्याचे शास्त्र आपल्या भागाला परके नाही. मूळच्या सातारा जिल्ह्यातील काटकर बंधूंनी पुण्यात गणकयंत्रे आणि संगणक दुरुस्त करण्याच्या धंद्यातूनच १९९० नंतरच्या दशकात ‘क्विक हील’ उभे केले. तेव्हा व्हायरस फ्लॉपीवरून येत असे आणि औषध विकत घ्यावे लागे. आता विंडोजमध्ये बऱ्यापैकी संरक्षण अंगभूतच येते. उणीव आहे ती निगराणीची.

या निगराणीकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचा दाखला २०१७ सालचा आहे. ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने १२ मे २०१७ रोजी जगभर धुमाकूळ घातला. ब्रिटनमधील रुग्णालयांची कामे अडली, ते वृत्तपत्रांत ठळकपणे आले. पण आमच्या विषयाला चीनमधील विद्यापीठांची गोष्ट अधिक लागू पडते. पदवी परीक्षेचे दिवस होते. विद्यार्थ्यांच्या संगणकांवरील पूर्ण होत आलेले प्रबंध कुलूपबंद झाले आणि पडद्यावर खंडणीची मागणी झळकली. हा प्रोग्राम पसरायला कोणी संशयास्पद पत्र उघडण्याची गरज नव्हती. एकाच जाळ्यातल्या एका यंत्रातून तो शेजारच्या यंत्रात आपोआप शिरत होता. ज्या वाटेने तो शिरला, ती सामान्य ग्राहकांच्या जोडण्यांत सेवा पुरवणाऱ्यांनी पूर्वीच बंद केली होती. शैक्षणिक जाळ्यात ती उघडी राहिली होती. आणि सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की, ते भगदाड बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी, प्रसिद्ध केली होती. ज्यांनी ती घेतली ते वाचले.

तेव्हा वसतिगृहातला संगणक ही खासगी बाब आहे हा समज सोडला पाहिजे. शंभर मुलांची पाण्याची टाकी एक असेल तर तिच्यावर झाकण आहे की नाही, हा एकट्या मुलाचा प्रश्न राहत नाही. आज जेथे वाय-फाय आहे, तेथे तरी काय दिसते? साऱ्या इमारतीला एकच पासवर्ड, तो सूचनाफलकावर लिहिलेला, आणि तीन वर्षांपूर्वी शिकून गेलेल्या मुलांनाही तो पाठ! प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र पासवर्ड देणे, तो वसतिगृह सोडताच बंद करणे, एका खोलीतल्या यंत्राला शेजारच्या यंत्रात थेट डोकावता येणार नाही अशी व्यवस्था वाय-फायच्या पेटीतच करणे, यात काही अपूर्व विज्ञान नाही. चांगल्या पेट्यांत ही सोय असतेच. ती कोणी चालू करीत नाही. अमेरिकेत २००३ च्या ऑगस्टमध्ये ‘ब्लास्टर’ नावाचा किडा पसरला, तो नेमका विद्यार्थी वसतिगृहांत परतण्याच्या वेळेस. तेव्हापासून तिकडच्या अनेक विद्यापीठांनी संगणक आधी तपासावा आणि मग जोडावा, असा पायंडा पाडला. आपल्याकडे ‘राष्ट्रीय ज्ञान जाळे’ या योजनेला केंद्र सरकारने २०१० साली मान्यता दिली. विद्यापीठे आणि संशोधनसंस्था वेगवान जोडणीने बांधण्याची ती योजना. परंतु अशी जोडणी संस्थेच्या कार्यालयात व प्रयोगशाळेत आली, तरी खोलीपर्यंत जाणे राहून जाते. संध्याकाळी प्रयोगशाळेला कुलूप लागते आणि विद्यार्थ्याच्या अभ्यासाची खरी वेळ त्यानंतरची असते.

संरक्षणाचे नाव निघताच काही चालकांच्या डोळ्यांत वेगळीच चमक येते, याची आम्हांस जाणीव आहे. मुले रात्री काय पाहतात ते आता कळेल, असा तिचा अर्थ असतो. येथे रेघ स्पष्ट ओढली पाहिजे. कोणत्या खात्याने कधी जोडणी घेतली, याची नोंद ठेवणे वेगळे. तो विद्यार्थी काय वाचतो, कोणाला लिहितो, हे पाहणे वेगळे. केंद्राच्या ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवणारे, कंपन्या आणि शासकीय संस्था यांनी सायबर-घटना सहा तासांत कळवावयाच्या व यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपावयाच्या आहेत. वसतिगृहाच्या जाळ्यानेही नोंदी ठेवाव्यात, हे आम्हांस रास्त वाटते. परंतु त्या तपासासाठी, टेहळणीसाठी नव्हे. केरळात एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात सायंकाळी सहा ते रात्री दहा मोबाइल जमा करण्याचा नियम होता. तो न मानणाऱ्या विद्यार्थिनीला वसतिगृहातून काढण्यात आले. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घेण्याचा आदेश दिला आणि इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे म्हटले. मुले चित्रपट पाहतील ही भीती खोटी नाही, पाहतील. आमच्या पिढीतली मुलेही तालमीच्या नावाखाली तंबूतल्या सिनेमाला जात होती, आणि त्यासाठी कोणी ग्रंथालय बंद केले नव्हते.

सांगलीकरांना आणखी एक गोष्ट समजावून सांगण्याचे कारण नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी तेथे ४५ फूट आहे. ज्यांनी सातबारा, गुणपत्रिका आणि बँकेची पुस्तके वेळीच माडीवर नेली, त्यांचे कागद वाचले. संगणकातील प्रबंधाची, प्रकल्पाची, चार वर्षांच्या टिपणांची दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवणे म्हणजे कागद माडीवर नेणेच होय. खंडणीखोरासमोर हात न जोडण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही. पण दोन जीबीच्या शिध्यात ती प्रत वर चढणार कशी? पुन्हा जोडणीचाच प्रश्न येतो.

पैसा कोठून आणावयाचा, असे संस्थाचालक विचारतील. जोडणीला पैसा लागेल आणि तो वसतिगृह-शुल्कात उघडपणे धरावा. आज तोच पैसा प्रत्येक मुलगा रिचार्जच्या रूपाने वेगळा मोजतच आहे. राखणीचे मनुष्यबळ मात्र दारातच उभे आहे. ‘कमवा आणि शिका’ ही साताऱ्याच्या भूमीने महाराष्ट्राला दिलेली योजना. शिवाजी विद्यापीठातही ती चालते. एके काळी मुले शेतात राबून, दगड फोडून शिकली. आज संगणकशास्त्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातील गरजू मुलांना याच योजनेत वेतन देऊन प्रवेशाच्या दिवशी टेबल टाकून बसवावे. आलेला प्रत्येक लॅपटॉप अर्धा तास त्यांच्यापुढे जावा : अपडेट चालू आहेत का, प्रणाली अस्सल आहे का, जुने यंत्र असेल तर लिनक्स घालायचे का, दुसरी प्रत कोठे ठेवायची. घाण सापडली तर ती काढण्याची मोफत साधने केंद्राच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’त २०१७ पासून उपलब्ध आहेत. आणि शिष्यवृत्तीच्या नावाने बनावट संदेश येऊन खात्यातून पैसे गेलेच, तर त्याच मिनिटाला १९३० या क्रमांकावर कळवावे, हे खोलीच्या किल्लीबरोबरच मुलाच्या हाती द्यावे. मुलींच्या वसतिगृहात हे काम मुलींनीच करावे. तशा शिकणाऱ्या मुली आता थोड्या नाहीत.

वसतिगृहांच्या माहितीपत्रकात मेसचा दर आणि फाटकाची वेळ छापलेली असते. पुढच्या वर्षीच्या पत्रकात त्याच पानावर खोलीत मिळणाऱ्या जोडणीचा वेग, ती बंद पडल्यास किती तासांत सुरू होईल तो वायदा आणि तपासणीच्या टेबलाची जागा छापलेली असावी. गादी उतरवायला आलेल्या पालकांनीही पाण्याच्या वेळेबरोबर हे विचारावे आणि उत्तर तोंडी मिळाले तर ते लिहून मागावे.