पडद्याचं तोंड आपल्याकडेही वळू दे

मैत्रिणींनो, डेअरीवर दूध घालायला गेलात की तुमची नजर सगळ्यात आधी कुठे जाते? आकड्यांवर! किती लिटर भरलं, फॅट किती लागली, भाव काय बसला. तो लाल आकडा आपल्याकडे तोंड करून असतो, म्हणून आपण निश्चिंत असतो. पेट्रोल पंपावरचा माणूस ‘शून्य बघा ताई’ म्हणतो. किराणा दुकानातल्या काट्यालाही हल्ली गिऱ्हाइकाच्या बाजूने आकडे असतात. माप घेणाऱ्याइतकंच माप देणाऱ्यालाही ते दिसलं पाहिजे, हा साधा व्यवहार आहे.

मग आपलं नाव, आपली जन्मतारीख, आपला खाते क्रमांक कॉम्प्युटरवर चढवला जातो, तेव्हा आपल्याला काय दिसतं? मॉनिटरची पाठ! तिथे बसलेला मुलगा भराभर बटणं दाबतो, अधूनमधून ‘आधार द्या’, ‘ओटीपी सांगा’ म्हणतो, शेवटी ‘झालं काकी’ म्हणून एक कागद हातात देतो. काय झालं, ते काकींना घरी गेल्यावर नातू वाचून दाखवतो.

आमच्या ओळखीतल्या एक आजी. जन्मसाल 1958. श्रावणबाळ योजनेला वयाची 65 वर्षं पूर्ण लागतात, म्हणून 2024 मध्ये त्यांनी अर्ज भरला. भरणाऱ्याने 58 चे 85 केले. आकड्यांची नुसती अदलाबदल. मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. दिवसाला पन्नास-साठ अर्ज भरणाऱ्याची बोटं कधीतरी चुकणारच. पण कागदोपत्री आजी एकोणचाळीस वर्षांच्या झाल्या आणि अर्ज परत आला. घरात आधी हसू झालं, ‘आजी, तुम्ही तर सुनेपेक्षा लहान!’ मग दुरुस्तीसाठी एसटीने खेपा सुरू झाल्या, तेव्हा कुणाला हसू येईना. आजी मला म्हणाल्या ते मात्र डोक्यातून जात नाही. ‘बाई, मी तिथंच बसले हुते की गं. मला अक्षरं येत न्हाईत, पण आकडं येत्यात. दिसलं असतं तर तिथंच बोलले असते.’

खरं आहे ना? चूक पकडणारी बाई समोरच बसली होती. फक्त पडद्याचं तोंड तिच्याकडे नव्हतं.

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. तिचं सुप्यात झेरॉक्स आणि अर्ज भरून देण्याचं छोटंसं दुकान आहे. सुपे म्हणजे आपल्या बारामती तालुक्याचा जिरायती भाग. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीमुळे इतिहासात नाव मोठं, पण पाण्याची ओढ कायमची. इथल्या बायकांना पीकविम्यापासून निराधार अनुदानापर्यंत आणि शिष्यवृत्तीपासून सातबाऱ्यापर्यंत सगळं आता ऑनलाइन करावं लागतं. 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा दुकानाबाहेर रांग लागली. 2025 मध्ये त्याच योजनेची ई-केवायसी आली, पुन्हा रांग.

त्याच सुमारास भाचीच्या कॉम्प्युटरचं दुखणं निघालं. 14 ऑक्टोबर 2025 पासून विंडोज 10 ला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार थांबला. विंडोज 11 तिच्या जुन्या मशीनवर चढेना. तिच्याकडेच नाही, साधारण 2018 च्या आधीच्या बऱ्याच कॉम्प्युटरांची हीच गत आहे. चालू मशीन, पण कंपनीच्या लेखी म्हातारं. नवा घ्यायचा तर कर्ज काढावं लागणार. तेव्हा तिच्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीने सुचवलं, ‘लिनक्स टाकून बघ. फुकट आहे.’

मी विचारलं, ‘अगं, फुकटचं ते टिकाऊ असतं का?’ तर पोरीने मला धडाच दिला. लिनक्सची सुरुवात 1991 मध्ये फिनलंडच्या लायनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने केली. हे ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याची आतली मांडणी सगळ्यांना उघडी आहे. कुणीही बघावी, सुधारावी, दुसऱ्याला द्यावी. मला जात्यावरच्या ओव्या आठवल्या. त्यांचा कुणी मालक नाही, जिला जशी सुचली तशी तिने एक जोडली, पुढचीने ती गायली. आपल्या पुण्याच्या सी-डॅकनेही 2007 मध्ये ‘बॉस’ नावाची लिनक्सची भारतीय आवृत्ती काढली. केरळातल्या सरकारी शाळांत तर कितीतरी वर्षं मुलं लिनक्सवरच शिकताहेत. म्हणजे हा काही पोरखेळ नाही.

तर लिनक्स बसलं, आणि त्यासोबत आला दुसरा मॉनिटर. एका पतसंस्थेने जुने एलसीडी मॉनिटर काढले होते, त्यातला एक वायरीसकट दीड हजाराच्या आत पडला. तो तिने टेबलावर गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवला. आता ती जे टाइप करते ते समोर बसलेल्या बाईलाही दिसतं. बस, एवढंच! पण या एवढ्याशाने दुकानाची तऱ्हाच बदलली. ‘ताई, आडनावात एक ए जास्त झाला’ असं दहावी झालेली सून सांगते. ‘पोरी, मोबाइलचा शेवटचा आकडा सात हाय, एक न्हवं’ असं आजी सांगतात. सबमिट दाबायच्या आधी चूक निघते, आणि एसटीची खेप वाचते.

ज्यांचं असं दुकान आहे, किंवा ज्यांची लेक-सून असं काम करते, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते, कारण हे वाटतं तितकं अवघड नाही.

आधी सीपीयूच्या पाठीमागे बघा. निळं, पंधरा टोचण्यांचं तोंड असतं ते व्हीजीए. चपटं, खालचे कोपरे कापलेलं असतं ते एचडीएमआय. अशी दोन तोंडं असली तर बहुतेक वेळा दोन मॉनिटर लागतात. मॉनिटर जुना व्हीजीएचा आणि सीपीयूला फक्त एचडीएमआय शिल्लक असेल, तर नुसती वायर चालत नाही, मध्ये छोटा कन्व्हर्टर लागतो. दुकानात जाताना दोन्ही तोंडांचा मोबाइलवर फोटो काढून न्या, म्हणजे भलतीच वायर गळ्यात पडणार नाही. आणि सीपीयूला वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल, तर दोन्ही वायरी त्या कार्डालाच लावा. कार्ड असलं की बऱ्याच मशीनमध्ये मूळची जागा बंद होते, आणि आपण ‘मॉनिटरच खराब’ म्हणून बसतो.

मग उबुंटूसारख्या लिनक्समध्ये सेटिंग्जमधल्या डिस्प्लेवर जायचं. तिथे दोन्ही मॉनिटर दोन चौकोनांसारखे दिसतात. मिरर निवडलं की दोन्हीकडे एकच चित्र. जॉइन निवडलं की दोन्ही मिळून एक लांबलचक पडदा, माउस एकातून दुसऱ्यात जातो. टेबलावर मॉनिटर ज्या बाजूला आहे, त्याच बाजूला तो चौकोन ओढून ठेवायचा, नाहीतर माउस उजवीकडे न्यावा आणि तो भिंतीला धडकावा अशी गंमत होते. गिऱ्हाईक समोर असताना भाची मिरर ठेवते. दुपारी एकटीच असली की दुसरा मॉनिटर आपल्याकडे वळवते आणि जॉइन करते. एकीकडे स्कॅन केलेला कागद, दुसरीकडे टायपिंग. मान सारखी खालीवर करावी लागत नाही, कामही लवकर उरकतं.

मिररमध्ये एक अडचण येते. एक मॉनिटर जुना चौकोनी आणि दुसरा नवा रुंद असला, तर दोघांना जमेल असंच माप घ्यावं लागतं, त्यामुळे एकावर अक्षरं पसरट किंवा पुसट दिसतात. शक्यतो दोन्ही एकाच आकाराचे घ्या.

आणि उगाच गुलाबी चित्र रंगवत नाही. बोटांचे ठसे घेणारी यंत्रं आणि सहीचे डिजिटल टोकन यांचं सॉफ्टवेअर सगळ्यांचंच लिनक्सवर चालेल असं नाही. काम त्यावर अवलंबून असेल तर आधी यंत्र देणाऱ्याला विचारा. जुन्या डीटीपी फॉन्टमधल्या मराठी फायलीही नीट उघडत नाहीत. युनिकोडमधल्या मात्र छान उघडतात. लिनक्स आधी पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता चालवून बघता येतं. दोन्ही मॉनिटर, प्रिंटर, स्कॅनर सगळं लागतंय का ते तेव्हाच तपासा, मग बसवा. बसवण्याआधी फायलींची दुसरी प्रत हवीच. शिवाय विंडोज नवीन असेल तर दुसरा मॉनिटर त्यावरही लागतोच की! माझा हट्ट लिनक्सचा नाही. जुनं मशीन आहे म्हणून पैसे नवीन मशीनमध्ये न घालता पडद्यात घालता आले, एवढाच त्याचा उपकार.

आता विरोधी सूर. एक दुकानदार मला म्हणाले, ‘बाई, सगळ्यांना दाखवत बसलो तर रांग हलायची नाही.’ मान्य, दोन मिनिटं जास्त जातील. पण चुकलेला अर्ज पुन्हा भरायला तीच बाई परत तुमच्याच रांगेत येते, तेव्हा किती मिनिटं जातात? दुसरे म्हणाले, ‘अडाणी बायांना काय कळणार त्यातलं?’ यावर मला खरंच राग आला. डेअरीवरचा आकडा तिला कळतो, बचत गटाचा हप्ता तिला तोंडपाठ असतो, आणि स्वतःचं जन्मसाल कळणार नाही? आणि जिला अजिबात वाचता येत नाही, तिच्याबरोबर आलेल्या मुलीला तर वाचता येतं ना?

एक आक्षेप मात्र रास्त आहे. पडदा बाहेर वळवला की मागे उभ्या असलेल्यांनाही आपला आधार नंबर आणि खाते क्रमांक दिसतो. आपल्याकडे कुणाच्या खात्यात काय आलं यावर पारावर चर्चा होते, नवरा-दीर चौकशा करतात, हे काय मी सांगायला हवं? त्यासाठी भाचीने मॉनिटर भिंतीच्या कोनात ठेवला आहे. समोरच्या खुर्चीतूनच दिसतो, रांगेतून नाही. आधीच्या बाईचं काम संपलं की तिची खिडकी बंद केल्याशिवाय पुढची खुर्चीत बसत नाही.

मुद्दा मॉनिटरचा नाहीच मुळी. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आईचं नावही लावायचं ठरलं. सातबाऱ्यावर घरधनिणीचं नाव यावं म्हणून लक्ष्मीमुक्ती योजना आली. म्हणजे कागदावर आपलं नाव येण्यासाठी कायदे, निर्णय, चळवळी झाल्या. आणि ते नाव जिथे उमटतं, तिथे आपण पाठमोऱ्या पडद्यासमोर हात जोडून बसायचं? 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवांची यादी, शुल्क आणि मुदत फलकावर लावायला सांगितलं आहे. माझं म्हणणं, फलकाच्या शेजारी एक पडदाही हवा. ग्रामपंचायतीने, पतसंस्थेने, बचत गटाच्या केंद्राने सुरुवात करावी. अडगळीत पडलेले मॉनिटर कितीतरी कार्यालयांत असतील.

तोवर आपण काय करायचं? पुढच्या वेळी अर्ज भरायला गेलात की सबमिट दाबायच्या आधी एवढंच म्हणा, ‘दादा, जरा स्क्रीन इकडे फिरवता का? मला बघू द्या.’ मॉनिटर फिरवायला पैसे पडत नाहीत. पहिल्यांदा तो आश्चर्याने बघेल, कदाचित कपाळाला आठ्या घालेल. घालू दे. नाव आपलं आहे.

त्या आजींचा अर्ज पुन्हा भरला, तो भाचीच्याच दुकानात. 1958 हा आकडा पडद्यावर उमटला, आजींनी तिथल्या तिथे बोट ठेवून तो वाचला, आणि मग म्हणाल्या, ‘आता दाब.’