शाफ्ट उतरवण्याआधी चाकाला ठोकळा



मिरचीचा हंगाम आला की नंदुरबारच्या पथाऱ्यांकडे मालाच्या गाड्यांची रीघ लागते. कुणाची गाडी सपाटीची, तर कुणाची चांदसैलीचा घाट उतरून आलेली. गाडी कुठलीही असो, इंजिनाचे बळ मागच्या चाकांकडे नेतो तो प्रोपेलर शाफ्ट. खड्ड्यात मागचा आस वरखाली झाला तरी शाफ्ट फिरत राहतो, तो त्याच्या सांध्यांतील क्रॉसमुळे. मोटारीसाठी या सांध्याचे पेटंट अमेरिकेतील क्लॅरेन्स स्पायसर यांनी १९०३ साली घेतले.

हा क्रॉस ग्रीसवाचून झिजतो. क्लच सोडताना 'खट्' असा आवाज येतो, वेगात गाडी थरथरते. दुखणे अंगावर काढू नका. चालत्या गाडीचा शाफ्ट तुटून पुढचे टोक रस्त्यात रुतले, तर गाडी उलटू शकते.

हत्यारे आणि थोडा अनुभव असेल तर क्रॉस घरी बदलता येतो. पण एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. शाफ्ट सुटला की इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तुटतो. मग गाडी गिअरमध्ये ठेवली तरी ती थांबून राहत नाही. काही जुन्या गाड्यांचा हँडब्रेकही शाफ्टवरच धरतो. तोही निकामी होतो. वर तुम्ही आणि खाली उतार, असे झाले तर काय होईल ते सांगायला नको! म्हणून गाडी रिकामी करा, सपाट व टणक जागी लावा आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे घट्ट लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. घरातल्या एका जाणत्या माणसाला बाहेर उभे करा, म्हणजे पोरेबाळे ठोकळ्याला हात लावणार नाहीत.

बोल्ट काढण्यापूर्वी शाफ्टच्या जोडांवर छिन्नीने खुणा करा. जोड फिरवून बसवला तर नवा क्रॉस असूनही गाडी थरथरते. शाफ्ट जड असतो. सोडताना खालून दुसऱ्याने आधार द्यावा. लॉक काढून वाट्या शिकंज्यात दाबून बाहेर काढा. शाफ्टच्या कानांवर घण घालू नका, ते वाकतात. नवी वाटी बसवताना आतल्या सुया ग्रीसने चिकटवून ठेवा. एक जरी आडवी पडली तरी वाटी पुरती बसत नाही. ग्रीसचे निपल पंप पोहोचेल अशा बाजूला ठेवा. लॉक खाचेत पक्के बसल्याची खात्री करा. सांधा हाताने चारही दिशांना सारखा हलला पाहिजे. मग खुणा जुळवून बोल्ट कसा आणि चारही टोकांतून दिसेपर्यंत ग्रीस भरा.

क्लच, गिअरबॉक्स, क्राउन-पिनियन ही कामे मात्र मेस्त्रीकडेच न्या. आणि पहिली खेप भरण्याआधी गाडी रिकामी फिरवून बोल्ट पुन्हा एकदा तपासा.