परिचारिकेच्या हातातील यंत्र

क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा म्हणजे अहिल्यानगर. १४ तालुके आणि सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटरचा विस्तार. अकोले तालुक्यातील डोंगरवाडीहून किंवा जामखेडच्या माळावरील वस्तीवरून तज्ज्ञ डॉक्टर गाठणे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडविणे. अशा मुलखात डॉक्टरांनी गावोगाव फिरण्याऐवजी रुग्णाची खरी स्थिती त्यांच्यापर्यंत पोहोचवावी, हा विचार मोबाईलच्या बराच आधीचा आहे.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. ज्यांच्यापैकी अनेकींना अक्षरओळखही नव्हती, अशा गावातील स्त्रियांना त्यांनी आरोग्य सेविका म्हणून तयार केले. गरोदर स्त्रीची तपासणी, बालकाचे वजन, धोक्याची लक्षणे ओळखून रुग्णाला वेळेत दवाखान्यात धाडणे, ही कामे त्या करू लागल्या. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला. दूरस्थ रुग्णसेवेचे सारे तत्त्व या कामात आले होते. हातात पडदा तेवढा नव्हता.

तो पडदा आता आला आहे. केंद्र सरकारच्या ई-संजीवनी सेवेत उपकेंद्रातील आरोग्य कर्मचारी, पुष्कळदा परिचर्या शिकलेली तरुणी, रुग्णाला शेजारी बसवून टॅबलेटवर दूरच्या डॉक्टरांशी जोडून देते. २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाचे नियम प्रसिद्ध झाले. औषध लिहून देण्याचा अधिकार त्यांनी डॉक्टरांकडेच ठेवला. आरोग्य कर्मचाऱ्याने रुग्णाची माहिती मांडावी आणि सल्ला समजावून द्यावा. पण डॉक्टरांना दिसते ते तिने मोजलेले आणि तिने विचारलेले. म्हणून तिचे काम दुय्यम मानणे ही मोठी चूक होय.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचेच पाहावे. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात त्यामागील पद्धत शोधली आणि २०२० साली 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत हे यंत्र घेऊन पथके दारोदार फिरली. बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल, तर त्याचा आकडा फसवा येऊ शकतो. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली असावी, दंड हृदयाच्या पातळीवर असावा, पट्टा दंडाच्या मापाचा असावा. जिना चढून आलेल्या गृहस्थाचा रक्तदाब लगेच मोजून तो पुण्यातील मुलाला व्हॉट्सॲपवर पाठविला, तर आकडा कसोशीने पोहोचतो, स्थिती मात्र पोहोचत नाही.

शेवगाव-पाथर्डीच्या पेठांतील पुष्कळ घरांत आज आई-वडील गावी आणि मुले बाहेरगावी, असेच चित्र आहे. त्यातून आपल्या समाजाचा एक खास प्रश्न उभा राहतो. चौविहार पाळणारी आई सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घेत नाही. मग रात्रीची गोळी कशाबरोबर घेणार? संकोचापोटी ती हे डॉक्टरांना सांगत नाही. सकाळी रक्तदाब चढलेला दिसतो, डॉक्टर मात्रा वाढवितात, आणि वाढलेली मात्रा दिवसा घेतल्यावर तिला घेरी येते. पर्युषणात उपवास करणाऱ्या मधुमेही वडिलांचे तर याहून गंभीर. नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन चालू आणि पोटात अन्न नाही, अशा स्थितीत साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. कोणतेही यंत्र 'आज उपवास आहे काय?' असे आपणहून विचारत नाही. घरी येणारी परिचारिका विचारते, रिकामे न झालेले गोळ्यांचे पाकीट पाहते, पायावरची सूज बोटाने दाबून पाहते. उपवासाचे दिवस डॉक्टरांना आधी कळले, तर औषधाची वेळ वा मात्रा बदलता येते. व्रत मोडण्याचा प्रश्न दर वेळी येतोच असे नाही.

या सेविकांवरील लिखापढीचा बोजाही ध्यानात घ्यावा. जमाखर्चातील दुहेरी नोंदीला अर्थ असतो, कारण एका बाजूने दुसरी तपासली जाते. तीच माहिती आधी रजिस्टरात आणि मग टॅबलेटवर लिहिण्यात तसा कोणताच ताळा नाही. त्यात डोंगरात रेंज नसली की दुसरी नोंद रात्री घरी बसून करावी लागते.

समाजातील दातृत्वाविषयी शंका नाही. कोरोनाकाळात अनेकांनी यंत्रे मोकळ्या हाताने दिली. परंतु व्यापारी माणूस दुकानात भांडवली खर्च आणि चालू खर्च वेगळे मांडतो, तो हिशेब दान देताना विसरतो. यंत्रावर नामफलक लागतो, उद्घाटनाचे छायाचित्र येते. परिचारिकेचा पगार, तिचे प्रशिक्षण, दुचाकीचे पेट्रोल, साखर तपासण्याच्या पट्ट्या, मोबाईलचे रिचार्ज यांवर फलक कोठे लावणार? ग्लुकोमीटर एकदाच घ्यावा लागतो, पट्ट्या मात्र कायम लागतात. एखाद्या ट्रस्टने दोन-तीन तालुक्यांसाठी फिरती परिचारिका नेमण्याचे ठरविले, तर यंत्रांची किंमत त्या अंदाजपत्रकातील सर्वांत लहान रक्कम असेल. मोठी रक्कम वेतनाची, आणि ती दर महिन्याच्या १ तारखेला लागेल.