साडेपाच तासांवर

मुंबई ते सिंगापूर किती लांब? नातेवाइकांत कुणालाही विचारा, उत्तर येतं, "साडेपाच तास." किलोमीटर कुणी सांगत नाही. (सरळ हवाई अंतर सुमारे ३९०० किलोमीटर आहे.) माझं म्हणणं असं, की हे उत्तर खरं असलं तरी आपल्या कामाचं नाही. निदान आम्हा कोल्हापूरकरांच्या तरी नाही.

आधी घड्याळाची गंमत सांगते. भूगोल शिकवायची, त्यामुळे सवय जात नाही! दोन्ही शहरांच्या रेखांशांत साधारण ३१ अंशांचा फरक. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने दोन तास आणि थोडं वर. पण १ जानेवारी १९८२ला सिंगापूरने मलेशियाच्या जोडीने घड्याळ अर्धा तास पुढे केलं. त्यामुळे आपल्यात नि त्यांच्यात अडीच तासांचा फरक. तिकिटावरच्या वेळा पाहिल्या तर जाताना प्रवास आठ तासांचा वाटतो आणि येताना तीनच तासांचा. विमान मात्र दोन्ही वेळा साडेपाच तासांच्या आसपासच उडतं.

आता दारापासून दारापर्यंतचा हिशेब. राजारामपुरीतून निघायचं, रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरायची, अकरा-एक तासांनी मुंबई. तिथून विमानतळ, तेही तीन तास आधी. मग ते साडेपाच तास. मग तिकडची रांग, सामान, टॅक्सी. सगळं जुळून आलं तरी एक दिवस नि एक रात्र गेलीच म्हणून समजा. यात कोल्हापूर-मुंबई रस्त्याने जेमतेम चारशे किलोमीटर, एकूण अंतराचा दहावा हिस्सा. वेळ मात्र जवळजवळ निम्मा तोच खातो. उजळाईवाडीला विमानतळ आहे, मार्च २०२४मध्ये नवी टर्मिनल इमारतही झाली. तिथून मुंबई तासाभराची. पण आपली अडचण काही विमानाचं वेळापत्रक बघून येत नाही.

हा हिशेब मी हौसेने मांडत नाही. २०१५ साली आमच्या ह्यांना दवाखान्यात हलवलं, तेव्हा मुलीला दुपारी चारला फोन केला. ती मिळेल त्या विमानाने निघाली आणि पोचली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तोवर फॉर्म भरणं, औषधं आणणं, रात्री जागणं सगळं आमच्या गल्लीने केलं. ती आली, ह्यांनी ओळखलं, थोडं बोलले. पहाटे गेले. "आई, मी साडेपाच तासांवर तर आहे," असं तिने त्यानंतर कधी म्हटलं नाही.

काही जण म्हणतील, मुलांना परत बोलवा. का बोलवायचं? शिकवून-सवरून आपणच पाठवलं ना? माझं मत एवढंच, की ज्यांची मुलं लांब आहेत त्यांनी खरे तास कागदावर लिहावेत आणि त्या तासांत कोण काय करणार तेही. दुसरी किल्ली कुणाकडे, दवाखान्यात सही कुणाची, पैसे कुठे ठेवलेत, आणि वेळ आलीच तर मुलांसाठी थांबायचं की नाही. हा शेवटचा प्रश्न मुलांना विचारवत नाही. त्याचं उत्तर आपणच देऊन ठेवावं.

मी दिलंय. लिहिलंय, थांबू नका. आणि शेजारच्या वहिनींना सांगून ठेवलंय, ती आली की आधी तिला जेवायला वाढा.

तुमच्या घरी आहे का असा कागद?