मज्जातज्ज्ञ व्हावयाचें, तर काय शिकावें?

दहावीचा निकाल लागला कीं घरोघरीं एकच प्रश्न विचारला जातो : "पुढें काय ?" आमच्या शाळेंतील हुशार विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांचें उत्तर ठरलेलें असतें : "डॉक्टर." अलीकडे त्यांतील कांहीं जण एक पाऊल पुढें टाकून, "मेंदूचा डॉक्टर, न्यूरॉलॉजिस्ट," असें सांगूं लागले आहेत. ही आकांक्षा स्तुत्य आहे. परंतु "त्यासाठीं अकरावींत कोणते विषय घेणार ?" असें विचारलें, तर बहुधा उत्तर येतें, "जीवशास्त्र तेवढें मनापासून करणार. बाकीचे जेवढे टाळतां येतील तेवढे टाळणार." हें उत्तर आम्हांस चुकीचें वाटतें. तें कां चुकीचें, एवढेंच ह्या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम ह्या विद्येची आपल्या भागास किती गरज आहे तें पाहूं. मेंदू, पृष्ठरज्जु, मज्जातंतु व स्नायु ह्यांचे विकार हा ह्या तज्ज्ञाचा प्रांत. पक्षाघात, अपस्मार, कंपवात हे रोग काय आहेत हें आपल्या खेड्यापाड्यांतून कोणास सांगावयास नको. फेफरें आलेल्या मुलाच्या नाकाशीं जोडा किंवा कांदा धरणारे हात आजही आढळतात. वास्तविक योग्य औषध नियमित मिळाल्यास अपस्माराच्या दहांपैकीं सुमारें सात रोग्यांचे झटके थांबूं शकतात. तेव्हां येथें उणीव आहे ती औषधाची नव्हे. औषध व रोगी ह्यांची गांठ घालून देणाऱ्या जाणत्या माणसाची आहे. ता. ९ ऑक्टोबर २०२४ रोजीं राज्यांत दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचें उद्घाटन झालें, त्यांत आपल्या वाशीमचें एक होतें. ज्या विद्येसाठीं आपल्या मुलांना अकोला, यवतमाळ किंवा नागपूर गांठावें लागे, तिचें पहिलें दार आतां जिल्ह्याच्या ठिकाणींच उघडलें आहे. म्हणून विषयांच्या निवडीचा प्रश्न आज केवळ हौसेचा राहिलेला नाहीं.

आतां मार्ग पाहूं. बारावीनंतर 'नीट' ही प्रवेशपरीक्षा, मग एम्. बी. बी. एस्. चीं साडेचार वर्षें व आंतरवासितेचें एक वर्ष. त्यानंतर पुन्हां परीक्षा देऊन एम्. डी. चीं तीन वर्षें, बहुधा सामान्य वैद्यक अथवा बालरोग ह्या विषयांत. आणि पुन्हां एक परीक्षा देऊन न्यूरॉलॉजींतील डी. एम्. चीं तीन वर्षें. बेरीज साडेअकरा वर्षांची होते. कोठेंही अडखळलें नाहीं तरी अठराव्या वर्षीं निघालेला विद्यार्थी तिशीच्या उंबरठ्यावर मुक्कामास पोंचतो. ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. अकरावींत विषय निवडणारा मुलगा न्यूरॉलॉजी निवडीत नसतो. तो एका दीर्घ प्रवासाची शिदोरी बांधीत असतो. लांबच्या प्रवासास निघणाऱ्यानें एकाच पदार्थाची शिदोरी बांधूं नये, हें घरांतील वडीलधारीं माणसें सांगतातच.

प्रथम पदार्थविज्ञान घेऊं. सध्यांच्या पद्धतीप्रमाणें 'नीट'मध्यें १८० प्रश्न असतात. त्यांतील ९० जीवशास्त्राचे, ४५ पदार्थविज्ञानाचे व ४५ रसायनशास्त्राचे. म्हणजे केवळ परीक्षेचा हिशेब पाहिला तरी निम्मे गुण ज्यांना आपण टाळूं पाहतों त्या विषयांचे आहेत. परंतु परीक्षेहून मोठें कारण दुसरें आहे. कवटी न उघडतां आंतील मेंदू दाखविणारीं दोन साधनें आज ह्या तज्ज्ञाचे डोळे होऊन राहिलीं आहेत : एक सी. टी. स्कॅन व दुसरें एम्. आर. आय. पहिल्याबद्दल सन १९७९ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक हाउन्सफील्ड व कॉर्मॅक ह्यांना मिळालें, आणि दुसऱ्याबद्दल सन २००३ चें लाउटरबर व मॅन्सफील्ड ह्यांना. ह्या चौघांपैकीं एक अभियंता, दोघे पदार्थविज्ञानवेत्ते व एक रसायनशास्त्रज्ञ. वैद्य त्यांत एकही नव्हता ! ज्यास चुंबक व तरंग ह्यांचें प्राथमिक ज्ञान नाहीं, तो त्या यंत्रानें काढलेलें चित्र पाहील खरा. परंतु तें चित्र कोठें फसवीत आहे हें त्यास कसें उमगावें?

रसायनशास्त्राचें महत्त्व पटविण्यास तर परदेशीं जाण्याचें कारणच नाहीं. सन २०१७ मध्यें आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन सुमारें वीस शेतकरी व शेतमजूर दगावले. कीटकनाशकांचा ऑर्गॅनोफॉस्फेट नांवाचा जो एक मोठा वर्ग आहे, त्याचा घाला थेट मज्जासंस्थेवर पडतो. मज्जातंतूंतून आलेला निरोप स्नायूस पोंचविण्याचें काम ॲसिटिलकोलीन हें द्रव्य करतें. निरोप पोंचला कीं एक वितंचक त्या द्रव्याचें तत्काळ विघटन करतें. हें विष त्या वितंचकासच बांधून ठेवतें. मग निरोपावर निरोप सांचत जातात; लाळ व घाम सुटतो, बाहुल्या बारीक होतात, स्नायु थरथरतात, आणि शेवटीं थकून निकामी झाल्यामुळें श्वास बंद पडतो. वर्गांतील फळ्यावरचें रसायनाचें समीकरण रटाळ वाटणाऱ्या मुलानें एवढें ध्यानांत ठेवावें कीं, त्याच्याच बापाच्या पाठीवर असलेल्या पंपांत तें समीकरण भरलेलें असतें.

गणिताविषयीं तर मोठाच गैरसमज आहे. "डॉक्टरास गणित कशाला ?" असें म्हणून तें सोडून देण्याची चाल पडली आहे. ह्याचें उत्तर विदर्भांतच मिळण्यासारखें आहे. गडचिरोली जिल्ह्यांत अभय व राणी बंग ह्या दांपत्यानें स्थापिलेल्या 'सर्च' ह्या संस्थेंत, अमेरिकेंत न्यूरॉलॉजीचें शिक्षण घेऊन परतलेले डॉ. योगेश्वर कालकोंडे ह्यांनीं खेड्यांतील मृत्यूंचा अभ्यास केला. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ८६ गांवांतून केलेला हा अभ्यास सन २०१५ मध्यें प्रसिद्ध झाला. ग्रामीण भागांत माणसें मुख्यतः सांथीच्या रोगांनीं मरतात, अशी तोंवर सर्वसाधारण समजूत होती. ह्या गांवांतून मात्र दर सात मृत्यूंमागें सुमारें एक मृत्यु पक्षाघातानें झाल्याचें आढळलें, आणि तेथें मृत्यूचें पहिल्या क्रमांकाचें कारण तेंच ठरलें. त्यांतील बहुतेक रोगी रुग्णालयांत नव्हे, तर घरींच वारले होते. ही गोष्ट कोणत्याही यंत्रानें दाखविली नाहीं. ती मोजणीनें दिसली. गांवोगांवीं अशीं माणसें मरतच होतीं. परंतु कोणी तीं मोजलीं नव्हतीं, म्हणून तो रोग तेथें आहे हेंच कोणाच्या ध्यानीं आलें नव्हतें.

ह्याच अभ्यासांत आमच्या पुढील मुद्द्याचेंही प्रमाण आहे. घरीं वारलेल्या माणसाच्या मृत्यूचें कारण ठरवावयाचें, तर त्याच्या आप्तांस विचारावें लागतें : आधीं काय झालें, कोणतें अंग लुळें पडलें, वाचा कधीं गेली ? म्हणजे त्या गणिताचा पाया संभाषण हा होता. आणि येथें आम्ही मातृभाषेच्या विषयाकडे येतों. अधिक गुण मिळतील ह्या आशेनें अकरावींत मराठी सोडून भलताच विषय घेण्याची प्रवृत्ति वाढत आहे. इतरांचें असो, मज्जातज्ज्ञ होऊं पाहणाऱ्यास तर ही चूक फार महाग पडेल. ह्या शास्त्रांत निम्म्याहून अधिक निदान रोग्याच्या हकीकतींतून होत असतें. "चक्कर येते" असें तीन रोग्यांनीं सांगितलें, तर एकास भोंवतालचें घर फिरल्यासारखें वाटत असतें, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढें अंधारी येत असते, व तिसऱ्याचा केवळ चालतांना तोल जात असतो. शब्द एक, रोग तीन. मुंग्या येणें, अंग बधिर होणें, हात जड पडणें, हातांतला जोर जाणें ह्यांतील भेद ज्यास कळत नाहीं, त्यानें पुढें कितीही तपासण्या करविल्या तरी त्या अंधारांतल्याच. आपल्या जिल्ह्यांत तर वऱ्हाडीबरोबर गोरमाटी बोलीही घरोघरीं चालते. पोहरादेवीच्या यात्रेस आलेल्या तांड्यांतील म्हातारीस तिच्या बोलींत दोन प्रश्न विचारूं शकणारा डॉक्टर तिच्या दुखण्याच्या अर्ध्या वाटेवर आधींच पोंचलेला असतो.

ह्यावर कोणी म्हणेल, "हें सर्व खरें, पण स्पर्धा तीव्र आहे. एवढें सगळें करीत बसलों तर प्रवेशच मिळणार नाहीं." हा आक्षेप पोकळ नाहीं. शेतकऱ्याच्या घरांतून एक मुलगा किंवा मुलगी बाहेरगांवच्या शिकवणीवर्गास पाठवावयाची, म्हणजे कित्येकदां त्या वर्षाचें सोयाबीन त्या फीमध्यें जातें. तेथें व्यर्थ वेळ घालविण्याचा उपदेश आम्ही करणार नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जीवशास्त्राबरोबर गणित ठेवावें, भाषा मराठी ठेवावी, व पदार्थविज्ञान आणि रसायन हीं पाठ न करितां समजून घ्यावीं. ज्यास हें ओझें खरोखरच झेपत नसेल, त्यानें गणिताचा पेपर खुशाल सोडावा. परंतु संख्येची भीति मनांत बाळगूं नये, आणि रोज एक पान मराठी वाचन सोडूं नये. ह्यासाठीं दिवसाचा अर्धा तास पुरतो.

आणखी एक गोष्ट आईबापांस सांगावीशी वाटते. 'नीट'चें दार सर्वांस उघडत नाहीं, व तें न उघडल्यास मुलाचें आयुष्य संपलें असें मानणें अन्यायाचें आहे. पक्षाघातानें पडलेल्या माणसास पुन्हां उभें करणारा भौतिकोपचारतज्ज्ञ, गेलेली वाचा परत आणण्यास झटणारा वाचोपचारतज्ज्ञ, मेंदूची विद्युत्‌रेखा काढणारा तंत्रज्ञ, मज्जापेशींवर संशोधन करणारा शास्त्रज्ञ हे सर्व ह्याच मंदिराचे पुजारी आहेत. वर सांगितलेले विषय नीट शिकलेल्यास ह्यांपैकीं कोणतें ना कोणतें दार उघडतेंच. आणि केवळ एका परीक्षेपुरतें घोकलेल्यास मात्र ती परीक्षा हुकली कीं हातीं कांहींच उरत नाहीं.

भारतांत मेंदूविकारांचा पहिला विभाग सन १९४९ मध्यें वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. जेकब चँडी ह्यांनीं उघडला. माँट्रियल येथें पेनफील्ड ह्यांच्या हाताखालीं शिकलेल्या ह्या गृहस्थास परदेशांत काम मिळण्यास अडचण पडली नसती. परंतु जेथें कांहीं नव्हतें तेथें ते परत आले. आपल्या शाळेच्या प्रार्थनेंत मार्काच्या शुभवर्तमानांतील ज्या पक्षाघाती मनुष्याची गोष्ट आपण ऐकतों, त्यास चौघांनीं उचलून आणलें होतें, आणि गर्दीमुळें वाट मिळेना तेव्हां छप्पर उकलून त्याची बाज खालीं सोडली होती. आजच्या शास्त्रानेंही त्या चौघांची घाई योग्यच ठरविली आहे : रक्ताच्या गुठळीमुळें पक्षाघात झाला असल्यास ती विरघळविणारें औषध साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें, व त्याआधीं मेंदूंत रक्तस्राव नाहीं ह्याची स्कॅन करून खात्री करावी लागते. मानोरा किंवा रिसोड तालुक्यांतील एखाद्या वाडीवरून निघालेल्या रोग्यास हे साडेचार तास किती थोडे आहेत, ह्याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

विद्यार्थीबंधुभगिनींनो, तुमच्यापैकीं एखादाच तो तज्ज्ञ होईल; बाज उचलणारे चौघे मात्र तुम्ही सर्वच होऊं शकतां. अकरावीच्या प्रवेशपत्रिकेवर विषयांचीं नांवें लिहितांना गुणांचा हिशेब जरूर करा. परंतु त्याबरोबर एवढेंही स्वतःस विचारा कीं, बारा वर्षांनीं माझ्यापुढें बाजेवर जो माणूस येईल, त्यास समजून घेण्यास ह्यांतील कोणता विषय मला नको आहे ? आमच्या मतें ह्याचें उत्तर 'एकही नाहीं' असेंच येईल.